विषम वर्षांचे सोवळे

४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्क शहराने झोहरान ममदानी यांना महापौर म्हणून निवडले, ही बातमी मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली. त्याच मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेल्या एका प्रश्नाची वार्ता मात्र क्वीन्समधल्या आमच्या इमारतीतही अनेकांना नव्हती. सहाव्या क्रमांकाचा तो प्रस्ताव असा होता: शहराच्या निवडणुका सध्याच्या विषम वर्षांतून काढून अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात घ्याव्यात का? मतदारांनी थोड्या फरकाने नकार दिला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे इथल्या कोर्ट ऑफ अपील्सने, २०२३ चा एक कायदा वैध ठरवला होता. या कायद्याने न्यूयॉर्क राज्यातल्या बहुतेक काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग) आणि टाउन निवडणुका सम वर्षांत जातात. थोडक्यात, शहराच्या वेशीबाहेरचा कारभार सम वर्षात निवडला जाणार आणि ८८ लाख लोकांचे शहर विषम वर्षातच राहणार.

या प्रश्नावर जी चर्चा झाली ती ऐकून मन विटले. लाँग आयलंडचे रिपब्लिकन काउंटी नेते म्हणाले, हा डेमोक्रॅट्सचा डाव आहे, कारण अध्यक्षीय वर्षात त्यांचे मतदार जास्त बाहेर पडतात. डेमोक्रॅट्सनी तोंडाने मतदानाची टक्केवारी सांगितली, पण हिशेब त्यांचाही तोच होता. शहरात तर पक्षातल्या पक्षात वाटण्या झाल्या. ज्याला ज्या वर्षी जिंकण्याची आशा, त्याला ते वर्ष पवित्र. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, यापलीकडे वाद गेलाच नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. निवडणुकीची तारीख ठरवणे म्हणजे मतदार कोण असणार हे ठरवणे. न्यूयॉर्कची विषम वर्षांची तारीख ही गरीब आणि नव्याने आलेल्या माणसांना दूर ठेवू पाहणाऱ्या काळाची देणगी आहे आणि ती बदलली पाहिजे. मग त्यात माझ्या आवडीचा पक्ष हरो की जिंको.

आधी आकडे पाहू. २००९, २०१३, २०१७ आणि २०२१ या चारही महापौर निवडणुकांत मतदान अकरा-बारा लाखांच्या घरात झाले. २०२१ मध्ये नोंदलेल्या मतदारांपैकी चौथा हिस्साही आला नाही. २०२३ मध्ये फक्त सिटी काउन्सिलची निवडणूक होती. तेव्हा आठ नोंदलेल्या मतदारांमागे जेमतेम एक जण आला. त्या नोव्हेंबरात मी संध्याकाळी सहाला मतदानाला गेलो, तर शाळेच्या जिममध्ये मतदारांपेक्षा टेबलामागे बसलेली माणसे जास्त होती. याच शहरात २०२० साली अध्यक्षपदासाठी तीस लाखांहून अधिक लोकांनी मत दिले होते. तीच माणसे, तीच मतदानकेंद्रे, तीच भुयारी गाडी. मग या वीस लाखांना आपल्या शहराचे काहीच पडलेले नाही असे समजायचे का?

काउंटीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. न्यूयॉर्क शहराचे पाचही बरो, म्हणजे मोठे विभाग, कायद्याने पाच काउंट्या आहेत: मॅनहॅटन ही न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन ही किंग्ज, स्टेटन आयलंड ही रिचमंड, आणि ब्राँक्स व क्वीन्स आपापल्या नावाच्या. प्रत्येक काउंटी आपला डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, थेट मतदानाने निवडते. कोणावर खटला भरायचा, कोणाला समज देऊन सोडायचे, कोणासाठी जामीन मागायचा, हे ठरवण्यात या माणसाचा शब्द फार वजनाचा असतो. भारतातून आलेल्या माणसाला सरकारी वकील निवडून येतो हेच चमत्कारिक वाटते. मलाही पहिली काही वर्षे वाटले. क्वीन्समध्ये चोवीस लाख लोक राहतात. २०१९ च्या जूनमध्ये तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मेलिंडा कॅट्झ यांनी टिफनी काबान यांना फेरमोजणीअंती ६० मतांनी हरवले. नोव्हेंबरची निवडणूक मग नावापुरतीच होती. चोवीस लाखांच्या काउंटीत कोण तुरुंगात जाणार आणि कोण घरी, याविषयीच्या दोन अगदी वेगळ्या भूमिकांमधला निवाडा साठ माणसांनी केला. मॅनहॅटनमध्ये २०२१ साली आल्विन ब्रॅग प्रायमरीतली साधारण तिसरा हिस्सा मते घेऊन पुढे गेले आणि दोन वर्षांनी त्यांच्याच कार्यालयाने माजी अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर फौजदारी खटला भरला. साऱ्या देशाने तो खटला पाहिला. ज्या मतदानातून तो माणूस त्या खुर्चीत आला, ते मॅनहॅटनमधल्याही बहुतेकांनी पाहिले नव्हते.

ही विषम वर्षे आली कुठून? न्यूयॉर्क राज्याच्या १८९४ च्या घटनेतून. त्याआधी शहराच्या निवडणुका सम वर्षांतही होत. थिओडोर रूझवेल्ट महापौरपदासाठी लढून हरले ते १८८६ साली. १८९४ मध्ये सुधारकांच्या हाती घटना दुरुस्त करण्याची संधी आली आणि त्यांनी शहराची निवडणूक राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीपासून तोडली. त्यांचे कारण खोटे नव्हते, हे आधी मान्य करतो. टॅमनी हॉल नावाच्या डेमोक्रॅटिक यंत्रणेने शहर अक्षरशः विकले होते. तिचा म्होरक्या बॉस ट्वीड याची लूट लोक विसरले नव्हते आणि त्याच वर्षी लेक्सो समितीने पोलिसांचा हप्तेबाजीचा कारभार उघडा पाडला होता. शहराचा कारभार म्हणजे गटारे, दिवे आणि पाणी, त्यात पक्षाचे राजकारण कशाला, हा त्यांचा प्रश्न आजही कानाला गोड लागतो.

पण याच घटनेने आणखी काय केले तेही पाहा. नव्याने नागरिक झालेल्याला मतदानासाठी नव्वद दिवस थांबायला लावले. शहरांत मतदाराने स्वतः हजर राहून नाव नोंदवण्याची सक्ती केली आणि खेड्यांना त्यातून वगळले. न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या कितीही वाढली तरी राज्याच्या सिनेटवर त्याचे वर्चस्व होऊ नये अशी तरतूद घातली. पुढे १९२१ मध्ये नव्या मतदारांसाठी इंग्रजी साक्षरतेची अट आली. ती १९६० च्या दशकात, पोर्तो रिकन लोकांच्या हक्काच्या प्रश्नावर, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मोडली. सगळ्या अटी एका रांगेत ठेवल्या की चित्र लपत नाही. आयरिश हमाल, इटालियन गवंडी, पूर्व युरोपातून आलेला ज्यू शिंपी यांच्या मताचा विटाळ कारभाराला होऊ नये, म्हणून ही सारी व्यवस्था. स्वच्छता हवी म्हणून सोवळे नेसायचे आणि मग सोवळ्यात नसलेल्याला दारातच थांबवायचे, हा प्रकार आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यातली नव्वद दिवसांची अट गेली, इंग्रजीची अट गेली. विषम वर्ष तेवढे राहिले आणि लोक त्याला जुनी सवय समजू लागले.

आता विरोधकांचे सर्वांत प्रामाणिक म्हणणे घेऊ. ते म्हणतात, अध्यक्षीय वर्षात शहराचे प्रश्न बुडून जातील. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ वॉशिंग्टन चालू असताना कचऱ्याच्या डब्यांवर, भाड्यावर, शाळांच्या प्रवेशावर कोण बोलणार? मतपत्रिका लांबेल, लोक वरची दोन नावे भरून खालचा रकाना कोराच सोडतील. शिवाय विषम वर्षात येणारा मतदार थोडा असला तरी जाणता असतो. ज्याला शहराची खरी काळजी आहे तो कोणत्याही वर्षी येईल.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पण आज वॉशिंग्टन शहराच्या निवडणुकीत येत नाही का? २०२५ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी खुद्द अध्यक्ष ट्रम्प यांनी ममदानींविरुद्ध उभ्या असलेल्या अँड्र्यू कुओमो यांना मत द्या असे जाहीर केले. गाझाविषयी प्रत्येक उमेदवाराला विचारले गेले. महापौराचा गाझाशी संबंध किती, हा वेगळा प्रश्न, पण विषम वर्षाचे कुंपण घालून राष्ट्रीय राजकारण बाहेर राहिले नाही एवढे तर दिसलेच. उलट लॉस एंजेलिसकडे पाहा. तिथे २०१५ साली मतदारांनीच शहराच्या निवडणुका सम वर्षांत नेल्या. २०१३ मध्ये जुन्या पद्धतीने झालेल्या महापौरपदाच्या अंतिम फेरीत चार लाखांच्या आसपास मते पडली होती. २०२२ मध्ये, संसदेच्या आणि गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर, नऊ लाखांहून अधिक पडली. आणि त्या निवडणुकीत बोलणे कशावर झाले? रस्त्यांवर तंबू टाकून राहणाऱ्या बेघर माणसांवर, आणि सिटी काउन्सिलच्या सदस्यांच्या चोरून ध्वनिमुद्रित झालेल्या वंशद्वेषी संभाषणावर. कॅरन बास निवडून आल्या आणि कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी बेघरपणाच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली. यात शहर कुठे बुडाले? सॅन फ्रान्सिस्कोने हाच मार्ग धरून २०२४ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीबरोबर महापौर निवडला, तेव्हाही चर्चा रस्त्यावरच्या फेंटानिल या अमली पदार्थाची आणि ओस पडलेल्या मध्यवस्तीची होती. कोरा रकाना सोडणारे असतात, मान्य. पण तीस लाखांतल्या काही लाखांनी खालचा रकाना सोडला तरी उरणारे अकरा लाखांपेक्षा जास्तच भरतील.

‘जाणता मतदार’ हा मुद्दा मला जास्त झोंबतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा झाला तेव्हा मत कर भरणाऱ्यांपुरते होते. शहराच्या कारभारात ज्याचा पैसा गुंतला त्यालाच त्याची जाण, हे तेव्हाचे उत्तर. गिरणीत बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला पाणी कमी लागत होते की त्याची चाळ कमी घाण होती? १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला आले. त्याच नोव्हेंबरात, म्हणजे विषम वर्षात, या शहराने जॉन पुरॉय मिचेल या सुधारकाला महापौर केले. त्या निवडणुकीकडे आंबेडकरांचे कितपत लक्ष होते ते मी सांगू शकत नाही. पण १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर त्यांनी जी बाजू मांडली ती थेट या ‘जाणत्या मतदारा’च्या विरोधात जाते. ज्याच्याकडे मालमत्ता नाही, शिक्षण नाही, त्यालाच मताची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणून मताची अट खाली आली पाहिजे, आणि १९२८ मध्ये तर मताधिकार प्रौढ माणसापर्यंत सरसकट गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज कायद्याने कोणाला अडवलेले नाही, हे खरे. पण दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, सोमवारचे घरभाडे आणि मंगळवारचे मत यांत भाड्याचीच काळजी वाहणाऱ्या माणसाला दर वर्षी वेगवेगळ्या मंगळवारी बोलवायचे, आणि तो आला नाही की त्याला काळजीच नाही म्हणायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय थोड्या मतदानात कोणाचे वजन वाढते, हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. घरमालक, वयस्क माणसे आणि ज्यांचा पगार किंवा कंत्राट शहराच्या तिजोरीतून येते अशांच्या संघटना. त्यांनी संघटित असण्यात काही गैर नाही. गैर आहे ते इतरांच्या गैरहजेरीवर त्यांचे फोफावणे. पैशाचेही तसेच आहे. तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००८ मध्ये सिटी काउन्सिलकडून दोन कारकिर्दींची मर्यादा २९ विरुद्ध २२ मतांनी सैल करून घेतली आणि २००९ मध्ये स्वतःचे दहा कोटींहून अधिक डॉलर ओतून पाचेक टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. लॉस एंजेलिसमध्ये बास यांच्याविरुद्ध रिक कारुसो यांनीही तितकाच खर्च केला, पण तिथल्या जुन्या विषम वर्षाच्या दुप्पट मतदारांसमोर ते हरले. दोन उदाहरणांवरून नियम बनत नाही. तरी निम्म्या गर्दीला पटवायला जो पैसा पुरतो तो पूर्ण गर्दीला पुरेलच असे नाही, एवढे समजायला राज्यशास्त्र लागत नाही.

ममदानींच्या विजयानंतर एक नवा युक्तिवाद निघाला: बघा, चांगला उमेदवार असला की लोक विषम वर्षातही येतात. वीस लाखांहून अधिक मते पडली, १९६९ नंतर पहिल्यांदा. मलाही त्या दिवशी शाळेबाहेरची रांग पाहून आनंद झाला. पण अर्ध्या शतकातून एकदा येणाऱ्या पुराच्या भरवशावर शेती करायची का? आणि हा पूरसुद्धा २०२४ च्या अध्यक्षीय मतदानापेक्षा कितीतरी कमी होता. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याचा निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक होता, उत्साह नव्हता, तरी शहरातून सत्तावीस लाखांहून अधिक लोक आले. पन्नास वर्षांतले सर्वोत्तम विषम वर्ष एका मरगळलेल्या सम वर्षापुढे लाखो मतांनी कमी पडते.

पक्षचिन्हाचा आक्षेप मात्र मला सहज झटकता येत नाही. टेक्ससच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, एड एमेट हे रिपब्लिकन काउंटी जज होते. नाव जज असले तरी हे पद काउंटीच्या मुख्य कारभाऱ्याचे. २०१७ च्या हार्वी वादळात त्यांनी केलेल्या कामाची वाहवा विरोधकही करत. २०१८ च्या नोव्हेंबरात ते सत्तावीस वर्षांच्या लिना हिडाल्गो यांच्याकडून दोन टक्क्यांहून कमी फरकाने हरले. वर सिनेटची गाजलेली लढत होती आणि एका खुणेत संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय होती, तिने एमेट यांना बुडवले असे अनेकांचे मत आहे. ते बरेचसे खरे असावे. चांगला कारभारी लाटेत वाहून जातो ही सम वर्षाची खरी किंमत आहे. पण यातली अर्धी किंमत त्या एका खुणेची होती. टेक्ससने ती सोय २०२० पासून बंद केली आणि न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर ती नाहीच. मतदार नावागणिक वेगळा विचार करू शकतो हे २०२४ मध्ये इथेच दिसले. ब्राँक्स-क्वीन्समध्ये एकाच कागदावर ट्रम्प आणि डाव्या विचारांच्या डेमोक्रॅट खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या दोघांना मत देणारी माणसे निघाली. कोणाला ते विचित्र वाटेल, पण ती माणसे डोळे मिटून शिक्का मारणारी नव्हती.

आपल्याकडचे मित्र इथे मला धरतात. भारतात ‘एक देश, एक निवडणूक’ला विरोध करतोस आणि इथे तेच मागतोस? रोग वेगळा असेल तर औषध वेगळेच असणार. मुंबई महापालिकेच्या मतदानाचा आकडा २०१७ मध्ये ५५ टक्क्यांच्या आसपास होता. विधानसभेला आणि लोकसभेलाही मुंबई साधारण तेवढीच बाहेर पडते. जो खड्डा बुजवायचा तो खड्डाच तिथे नाही. शिवाय अमेरिकेत महापौराची, काउन्सिलची मुदत पक्की असते, सरकार मध्येच पडत नाही. म्हणून तारखा जुळवायला कोणाचे निवडून आलेले सभागृह मोडावे लागत नाही, एखादी कारकीर्द एकदाच थोडी लांब किंवा आखूड करावी लागते. मुंबईचा रोग निराळा होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही आणि देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. निवडणूक कधी घ्यायची हे सत्ताधाऱ्यांच्या सोयीवर सोडले की काय होते, ते न्यूयॉर्कच्या सुधारकांनी आणि महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी आपापल्या परीने दाखवले आहे.

सहाव्या प्रस्तावात एक मोठी उणीव होती आणि तिच्यावर जवळजवळ कोणीच बोलले नाही. या शहरात बहुतेक जागांचा खरा निकाल नोव्हेंबरात लागतच नाही, तो जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लागतो. २०२१ मध्ये एरिक अॅडम्स तिथे कॅथरिन गार्सियांपेक्षा ७,१९७ मतांनी पुढे राहिले आणि महापौर झाले. अध्यक्षपदाची प्रायमरी न्यूयॉर्कमध्ये एप्रिलात होते आणि संसदेची व राज्याची जूनमध्ये. नोव्हेंबर सम वर्षात नेला आणि प्रायमरी जूनच्या त्या सुन्या दिवसावरच ठेवली, तर २०२५ च्या जूनमध्ये आलेले दहा लाख लोक कदाचित येणारही नाहीत. त्यात कोणत्याच पक्षात नाव नसलेल्या दहा लाखांहून अधिक मतदारांना प्रायमरीत प्रवेशच नाही. सर्वांना मत देता येईल अशा खुल्या प्रायमरीचा विचार, सहावा प्रस्ताव मांडणाऱ्या सनद आयोगापुढेच आला होता, पण तो मतपत्रिकेपर्यंत पोहोचला नाही. तारीख आणि प्रायमरी हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडले असते तर ‘नाही’ म्हणणाऱ्यांतले काही जण बाजू बदलते, असे मला वाटते.

आमच्यातल्या पुष्कळांना इथे मतच नाही, हेही सांगितले पाहिजे. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली, इथे कर भरणारी, मुलांना इथल्या शाळेत घालणारी माणसे. नागरिक नसलेल्या सुमारे आठ लाख रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत देणारा कायदा शहराने केला होता. मार्च २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने तो रद्द केला. तो दरवाजा आता घटना बदलल्याशिवाय उघडणार नाही. पण ज्यांना मत आहे, ज्यांनी शपथ घेऊन, परीक्षा देऊन ते मिळवले, त्यांच्यासाठीचा दरवाजा तरी चुकीच्या दिवशी उघडू नये.

विषम वर्षाची अट राज्याच्या घटनेत असल्याने ती काढायला घटनादुरुस्ती हवी, आणि तिला राज्याच्या राजधानीत, आल्बनीत, लागोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांची मंजुरी आणि मग राज्यभराचे मतदान लागते. दोन मंजुरींच्या मध्ये विधिमंडळाची निवडणूक व्हावी लागते, ती २०२६ च्या नोव्हेंबरात आहे, सम वर्षात. आपल्या भागातल्या राज्याच्या असेंब्ली आणि सिनेटच्या उमेदवाराला तेव्हा एवढे विचारता येईल: विषम वर्षाची अट काढण्याच्या बाजूने मत देणार का, आणि प्रायमरीचे काय करणार? गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या, टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी गृहस्थांना मी सहाव्या प्रस्तावाबद्दल विचारले होते. त्यांनी पुढची बाजू भरून कागद यंत्रात घातला होता. मागे काही छापले आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.